किरणोपचारानंतरचे आयुष्य : प्रस्तावना

यकृताच्या कर्करोगावर किरणोपचार घेऊन जो मनुष्य आपल्या गावी परततो, त्याच्या कागदपत्रांच्या पुडक्यात गाठीची लांबी-रुंदी मिलिमीटरपर्यंत नोंदलेली असते, रक्तातील बिलिरुबिनचा आकडा दशांशासह लिहिलेला असतो, किरणांची मात्रा ग्रे या एककात मांडलेली असते आणि पुढील तपासणीची तारीखही अधोरेखित केलेली असते; परंतु त्याला रात्री झोप लागते की नाही, ताटातली भाकरी त्याच्याने संपते की नाही, ज्या बांधावर तो पूर्वी दोन प्रहरपर्यंत उभा राहत असे तिथवर त्याला आता चालत जाता येते की नाही, आणि घरच्या माणसांत बसले असता आपण अजून या घराचे कर्ते आहोत असे त्याला वाटते की नाही, याविषयी त्या पुडक्यात बहुधा एक ओळही सापडत नाही. ही उणीव थोडीबहुत भरून निघावी, या हेतूने प्रस्तुत पुस्तक सिद्ध केले आहे. किरणोपचारानंतरचे आयुष्य हा उपचाराचाच भाग आहे, त्याची मोजदाद गाठीच्या मोजदादीइतक्याच काळजीने झाली पाहिजे, आणि चोपड्यासारख्या तालुक्यात त्याचा फार मोठा हिस्सा रुग्णालयाच्या भिंतींबाहेर, घरात आणि गावात, पार पडतो, एवढेच आमचे प्रतिपादन आहे. पुढील सर्व प्रकरणे या एका विधानाचा विस्तार होत.

चोपडा तालुका तापीच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशी पसरलेला आहे. दक्षिणेकडे केळी आणि कापूस यांची काळी जमीन, उत्तरेकडे पावरा, बारेला आणि तडवी यांचे पाडे, आणि मधून जाणारा बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता, अशी याची ठेवण आहे. कसब्यास आगगाडी नाही. मुंबईस जावयाचे तर आधी एस.टी.ने तापी ओलांडून अमळनेर किंवा जळगाव गाठावे लागते आणि तेथून रात्रीची गाडी धरावी लागते. निरोगी मनुष्यास हा प्रवास केवळ गैरसोयीचा वाटेल. पण ज्याच्या पोटात पाणी साठले आहे, ज्याला अर्धा तास ताठ बसवत नाही, त्याच्या दृष्टीने रुग्णालय आणि घर यांमधील हे अंतर हीच त्याच्या दुखण्याची एक बाजू होऊन बसते. म्हणून मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयातील तज्ज्ञाने दिलेला सल्ला चोपड्याच्या ओसरीवर कसा अमलात आणावा, याचा विचार चोपड्यातच बसून केला पाहिजे.

या रोगाविषयी प्रथम एक गोष्ट ध्यानी घ्यावी लागते. स्तनाच्या किंवा मुखाच्या कर्करोगात रोगाभोवतीचा अवयव बहुधा धडधाकट असतो. यकृतात उद्भवणाऱ्या कर्करोगाचे तसे नाही. कावीळ ‘ब’ आणि ‘क’ यांचे विषाणू, वर्षानुवर्षांचे मद्यपान, मधुमेह आणि स्थूलता यांतून येणारी यकृतातील चरबी, बुरशी लागलेल्या शेंगदाण्यात व मक्यात निर्माण होणारे अफ्लाटॉक्सिन नावाचे विष, यांपैकी एका वा अनेक कारणांनी यकृत बहुधा आधी झिजलेले, जागोजाग वण पडून घट्ट झालेले असते, आणि त्या जर्जर भूमीवर गाठ उगवते. म्हणजे रुग्णाला एकाच वेळी दोन व्याधींशी सामना करावा लागतो, आणि किरणांनी गाठ जाळावी तर उरलेल्या यकृताचे बळ किती, हा प्रश्न पावलोपावली आडवा येतो. गाठ आटली परंतु यकृत खचले, तर रुग्णाच्या पदरात काय पडले? आयुष्याच्या गुणवत्तेचा प्रश्न या व्याधीत इतका निकडीचा का, त्याचे मूळ येथे आहे. यकृतात दुसऱ्या अवयवांतून, विशेषतः मोठ्या आतड्यातून, पसरून आलेल्या गाठींवरही किरणोपचार होतात. तेथे भोवतालचे यकृत पुष्कळदा बरे असते, आणि या दोन प्रकारच्या रुग्णांचे पुढचे दिवसही त्यामुळे वेगवेगळे जातात.

१८९५ साली राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला आणि १८९८ साली क्यूरी दांपत्याने रेडियम शोधून काढले. त्यानंतर अल्पावधीतच शरीरावरील गाठींवर किरणांचा प्रयोग सुरू झाला. तथापि यकृत मात्र दीर्घकाळ वर्ज्य मानले गेले. संपूर्ण यकृतास थोड्याथोड्या मात्रेने सुमारे ३० ग्रे एवढे किरण दिले की त्याची सोसण्याची सीमा गाठली जाते, आणि गाठ नष्ट करण्यास तर याहून पुष्कळ अधिक मात्रा लागते, हा पेच सुटत नव्हता. तो दोन मार्गांनी सुटला. पहिला मार्ग बाहेरून येणाऱ्या किरणांना नेमके वळण देण्याचा. संगणकाच्या साह्याने किरणांच्या अनेक शलाका वेगवेगळ्या दिशांनी एका बिंदूवर आणावयाच्या, श्वासाबरोबर वर-खाली सरकणाऱ्या यकृताच्या हालचालीचा हिशेब ठेवावयाचा, आणि मोठी मात्रा तीन ते पाच बैठकांत गाठीवरच उतरवावयाची, ही पद्धत १९९० च्या दशकात स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत ब्लोमग्रेन आणि लॅक्स यांनी रूढ केली व पुढे जगभर पसरली. खारघर येथे टाटा स्मारक केंद्राच्या आवारात २०२३ साली सुरू झालेली प्रोटॉन किरणांची सुविधा याच मार्गावरील पुढचे पाऊल आहे.

दुसरा मार्ग किरणांचा उगमच यकृताच्या आत नेऊन ठेवण्याचा. यकृतास रक्ताचा पुरवठा दोन वाटांनी होतो: आतड्यांकडून येणारी प्रतिहारी शीर निरोगी यकृतास सुमारे तीन-चतुर्थांश रक्त पुरविते, आणि यकृतधमनी उरलेले पुरविते, गाठ मात्र आपले जवळजवळ सर्व रक्त धमनीतूनच ओढून घेते. एकाच मळ्यास दोन पाटांचे पाणी यावे, बहुतेक पीक एका पाटावर पोसावे आणि तण मात्र दुसऱ्याच पाटाच्या काठी माजावे, अशी ही रचना आहे. तेव्हा औषध दुसऱ्या पाटात सोडले असता ते बहुतांशी तणासच लागते. जांघेतील किंवा मनगटातील धमनीतून बारीक नळी यकृतापर्यंत नेऊन, यिट्रियम-९० या किरणोत्सारी मूलद्रव्याने युक्त असे काचेचे किंवा राळेचे लक्षावधी सूक्ष्म मणी तीतून सोडतात. काचेचा एकेक मणी मिलिमीटरच्या सुमारे चाळिसाव्या भागाएवढा असतो. त्यातून निघणारे बीटा किरण शरीरात सरासरी अडीच मिलिमीटर आणि फार तर अकरा मिलिमीटर जातात. यिट्रियमचा अर्धायुष्यकाल सुमारे ६४ तासांचा असल्याने अकरा दिवसांत त्यातील ९४ टक्के किरण खर्च होऊन जातात, आणि मणी तेथेच निरुपद्रवी होऊन राहतात. हे करण्यापूर्वी टेक्नेशियमयुक्त कणांनी एक चाचणी घेऊन, मणी फुप्फुसाकडे वा जठराकडे वाहून जाणार नाहीत ना, याची खातरजमा करावी लागते. काचेचे मणी अमेरिकेत १९९९ साली प्रथम मान्य झाले. ते दीर्घकाळ परदेशातून येत आणि त्यांची किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर असे. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘भाभास्फिअर’ या नावाने देशी मणी तयार केले, ही म्हणूनच केवळ शास्त्रीय अभिमानाची नव्हे, तर गरीब रुग्णाच्या हिताची गोष्ट आहे. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे उघडलेले टाटा स्मारक रुग्णालय १९६२ साली अणुशक्ती खात्याच्या कारभाराखाली आले. अणुभट्टी आणि रुग्णशय्या यांच्यामधील अंतर कमी करणारा हा निर्णय किती दूरदृष्टीचा होता, हे अशा प्रसंगी प्रत्ययास येते.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. रुग्णाचे बरेवाईट डॉक्टरच्या नजरेने मोजण्याची रीत जुनी आहे. १९४९ साली कार्नॉफ्स्की आणि बर्चेनाल यांनी शून्यापासून शंभरापर्यंतची एक श्रेणी घालून दिली आणि ती आजही वापरात आहे. परंतु त्या श्रेणीत बोलतो तो डॉक्टर. रुग्णाची साक्ष तीत नोंदली जात नाही. १९९३ साली युरोपीय कर्करोग संघटनेने तीस प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली, तिची उत्तरे रुग्णाने स्वतः द्यावयाची असतात. यकृताच्या कर्करोगासाठी तिला अठरा प्रश्नांची पुरवणीही पुढे जोडण्यात आली. ही साक्ष ग्राह्य धरल्याने काय निष्पन्न झाले, हे तीन प्रयोगांवरून दिसते. फ्रान्समध्ये ४६७ रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सारा’ नामक प्रयोगात किरणोत्सारी मण्यांची तुलना सोराफेनिब या गोळीशी केली गेली. मण्यांनी आयुष्य अधिक लांबते असे सिद्ध झाले नाही. पण ज्यांना मणी दिले गेले त्यांनी आपली एकंदर प्रकृती अधिक चांगली असल्याची साक्ष दिली, आणि त्यांना उपचारांचा त्रासही कमी झाला. १७७ रुग्णांवर झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात त्याच गोळीच्या जोडीस बाहेरून नेमके किरण दिले असता सहा महिन्यांनंतर ३५ टक्के रुग्णांचे जीवनमान सुधारल्याचे आढळले. केवळ गोळी घेणाऱ्यांत हेच प्रमाण १० टक्के होते. तिसरा प्रयोग कॅनडातील, २०२४ साली प्रसिद्ध झालेला, आणि आमच्या मते खानदेशासारख्या मुलखास सर्वांत उपयुक्त. गाठ बरी होण्याची आशा जेथे उरली नाही आणि यकृताच्या जागी सतत ठणका आहे, अशा रुग्णांस ८ ग्रे एवढ्या किरणांची केवळ एक बैठक दिली. महिन्याभराने तपासणी झालेल्यांपैकी ६७ टक्के जणांचे दुखणे उणावले, आणि ज्यांना किरण न देता इतर सर्व शुश्रूषा दिली त्यांच्यात हे प्रमाण २२ टक्के राहिले. एका बैठकीसाठी परळलाच जाणे प्रत्येक वेळी आवश्यक नसते. छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय कर्करोग रुग्णालयासारखी ठिकाणे खानदेशास अधिक जवळची आहेत. ‘आता काही करण्यासारखे नाही’ असे म्हणून ज्यास घरी पाठविले जाते, त्याच्यासाठीही करण्यासारखे पुष्कळ असते, ही गोष्ट या प्रयोगाने अंकांनिशी दाखवून दिली आहे.

तथापि प्रश्नावली हाती असणे आणि तिचे खरे उत्तर मिळणे, यांत फरक आहे. एखाद्या केळी-बागाईतदारास तीस प्रश्नांचा मराठी कागद दिला जातो, तो प्रसंग नजरेसमोर आणावा. शेजारी मुलगा बसलेला असतो, पाठीमागे सून उभी असते. जड वस्तू उचलताना त्रास होतो काय, अशा आशयाचा पहिला प्रश्न येतो, म्हातारा विचार करीत असतो की बाजाराची पिशवी तर आपण कधी उचललीच नाही, केळीचा घड मात्र परवापरवापर्यंत खांद्यावर घेत होतो, तो आता उचलवेल काय, तोवर मुलगा उत्तर देऊन मोकळा होतो, “नाही, आबांना काही त्रास नाही.” भुकेविषयी विचारले की सून सांगते, दोन भाकरी खातात. पैशाच्या ओढीविषयीचा प्रश्न आला की सारेच गप्प होतात, कारण जमिनीचा तुकडा गहाण पडल्याची वार्ता आबांपासून लपवून ठेवलेली असते, आणि आबांना ती केव्हाच कळलेली असते. शेवटी एक ते सात या मापाने आपल्या प्रकृतीस अंक द्यावयाचा असतो. तेथे आबा स्वतः पेन हाती घेतात आणि तीनवर गोल काढतात. त्या तिनात जे साठलेले असते ते वरच्या अठ्ठावीस उत्तरांत कोठेच उतरलेले नसते. म्हणून आमची पहिली विनंती अशी की हा कागद रुग्णाशी एकांतात भरला जावा. त्यास अक्षरओळख नसेल तर परिचारिकेने किंवा आशा कार्यकर्तीने तो अहिराणीत वा पावरीत समजावून वाचावा, आणि कुटुंबीयांची हकीकत हवीच असल्यास ती वेगळ्या कागदावर घ्यावी.

घरी परतल्यानंतरचे पहिले तीन महिने सर्वांत नाजूक असतात, आणि म्हणूनच या पुस्तकात त्यांना सर्वाधिक पाने दिली आहेत. प्रथम येतो तो थकवा. मणी सोडल्यानंतर आठवडा-दोन आठवडे, क्वचित त्याहूनही अधिक काळ, अंग मोडून येणे, बारीक ताप, मळमळ, अन्नावरची वासना उडणे आणि बरगडीखाली दुखणे हे सामान्य आहे. त्याने घाबरून जाऊ नये, तसेच ‘आळस झाडून उठा’ म्हणून रुग्णास टोचूही नये. सकाळच्या गारव्यात थोडे चालणे, दुपारी पडून राहणे, आणि रोज थोडी मजल वाढविणे, हा यावरचा उपाय. अंगदुखीसाठी दुकानातून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी गोळी परभारे आणून देण्याची जी वहिवाट पडली आहे, ती येथे कटाक्षाने मोडली पाहिजे. त्या गोळ्यांनी मूत्रपिंडास व जठरास इजा होते, आणि साधी पॅरासिटामॉलदेखील डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मात्रेपलीकडे जाता कामा नये. वरच्या पोटातली जळजळ दिवसेंदिवस वाढू लागली किंवा शौचास काळे झाले, तर मणी जठराच्या वाटेने जाऊन तेथे व्रण झाला असण्याचा संभव असतो, आणि तेव्हा एक दिवसाचीही हयगय परवडत नाही.

खाण्याविषयी खानदेशात जितके प्रेम आहे, तितकेच या रोगाबाबतीत गैरसमज आहेत. यकृताच्या रुग्णास डाळ, दूध, अंडे ‘जड’ म्हणून बंद करण्याची जुनी समजूत आज त्याज्य ठरली आहे. स्नायू झिजलेल्या माणसास प्रथिने अधिकच लागतात. कळण्याची भाकरी, मुगाची डाळ, दही, उकडलेले अंडे हे त्याचे पथ्य होऊ शकते. रात्रीचे लांबलचक उपोषण यकृतास सोसत नाही, म्हणून निजण्यापूर्वी कपभर दूध आणि चतकोर भाकरी द्यावी. इतकी स्वस्त आणि इतकी गुणकारी सूचना दुसरी नाही. मिठावर मात्र सक्त पहारा हवा, कारण मिठाने पोटातले पाणी वाढते. लोणचे, पापड, खारवलेल्या मिरच्या, शेव आणि बाजारची तिखट शेवभाजी यांस रजा द्यावी. केळी हा तर आपला कुळाचार; परंतु पाणी उतरविण्यासाठी स्पायरोनोलॅक्टोन हे औषध चालू असेल तर रक्तातील पोटॅशियम वाढू शकते, आणि केळ्यात पोटॅशियम भरपूर असते, तेव्हा दिवसाला किती केळी चालतील हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. वैशाखात जेव्हा येथील ऊन ४५ अंशांकडे झुकते, तेव्हा हीच लघवीची औषधे शरीर कोरडे पाडून मूत्रपिंड बसवू शकतात. त्या दिवसांत औषधाच्या मात्रेची फेरतपासणी करून घ्यावी.

घरच्या माणसांनी कशावर नजर ठेवावी, याचा तपशील पुढे स्वतंत्र प्रकरणात आहे. त्यातील दोन गोष्टी येथेच सांगून ठेवतो. रोज सकाळी एकाच वेळी वजन करावे आणि घोट्याच्या वर अंगठा दाबून पाहावा. खळगा पडून तो तसाच राहिला, आणि भूक मंदावलेली असताना वजन मात्र चढू लागले, तर ते अंगी लागलेले मांस नसून साचलेले पाणी होय. दुसरी गोष्ट मनाची. ज्याने सारे आयुष्य क्विंटलमागच्या भावाचे हिशेब तोंडी केले, तो मनुष्य साध्या बेरजेत अडखळू लागला, दिवसा गुंगीत आणि रात्री जागा राहू लागला, विनाकारण चिडू लागला, पुढे धरलेले हात त्याचे फडफडू लागले, तर त्यास वयाचा परिणाम किंवा भूतबाधा समजू नये. यकृताने गाळावयाची विषे रक्तातून मेंदूपर्यंत पोहोचल्याची ती खूण आहे. दिवसाकाठी दोन-तीन वेळा पोट साफ होईल इतके लॅक्ट्युलोज दिल्याने यातील पुष्कळ रुग्ण शुद्धीवर येतात, आणि बाप वेडा झाला असे समजून खचलेल्या घरात पुन्हा दिवा लागतो.

काविळीविषयी तर आम्हांस कळकळीने लिहावेसे वाटते. किरणांनंतर दोन आठवड्यांपासून तीन-चार महिन्यांपर्यंत, गाठ वाढलेली नसतानाही, किरणांच्या आघाताने यकृत ढासळून डोळे पिवळे होऊ शकतात आणि पोट फुगू शकते. अशा वेळी कावीळ ‘उतरविणाऱ्या’कडे जाऊन माळ घालणे, नाकात औषध पिळणे, भुकट्या घेणे यांत जे आठ दिवस जातात, तेच बहुधा उपचाराच्या कामी येण्याजोगे शेवटचे दिवस असतात. खेड्यातील माणूस तिकडे जातो तो अज्ञानापेक्षा जवळीक म्हणून. तो वैदू त्याच्या भाषेत बोलतो, त्याच्या ओसरीवर बसतो. ती जवळीक आमच्या उपजिल्हा रुग्णालयाने आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांनी द्यावयास शिकले पाहिजे.

किरणांची भीती हा आणखी एक छळ. ज्यास आपल्याकडे ‘शेक’ किंवा ‘लाइट’ म्हणतात, त्या बाहेरून दिलेल्या किरणांचा अंशही यंत्र थांबल्यावर शरीरात उरत नाही. असा मनुष्य त्याच दिवशी नातवास मांडीवर घेऊ शकतो. मणी घातलेल्या रुग्णाने मात्र सुरुवातीचे काही दिवस, रुग्णालयाने सांगितलेल्या मुदतीपर्यंत, गर्भवती स्त्रिया आणि लहान मुले यांच्या फार निकट दीर्घकाळ बसू-निजू नये. तेवढी मुदत संपली की तोही सर्वांसारखाच. कर्करोग संसर्गाने पसरत नाही. असे असूनही वेगळे ताट, वेगळा तांब्या आणि ओसरीच्या कोपऱ्यातली वेगळी खाट ही शिक्षा कित्येकांना महिनोन्‌महिने भोगावी लागते. आणि जीवनमानाच्या कोणत्याही मापात या एका शिक्षेएवढी घसरण आम्हांस औषधांच्या दुष्परिणामांतही दिसलेली नाही. कानबाईच्या रोटांना जो मनुष्य भावकीत पंगतीस बसला, त्याची आणि ज्यास आतल्या खोलीत ताट नेऊन दिले त्याची प्रकृती कागदावर सारखीच असेल. आयुष्य सारखे नसते. विषाणूची कावीळ असलेल्या घरात जोडीदाराची व मुलांची तपासणी आणि कावीळ ‘ब’ची लस, एवढी दक्षता जरूर घ्यावी. ही लस २०११ पासून देशभरच्या बालकांच्या लसीकरणात आली आहे. जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत बाळास तिची पहिली मात्रा मिळाली, तर पुढील पिढीला हे पुस्तक उघडण्याची गरज कमी पडेल.

रोगाचे नाव रुग्णास न सांगण्याचा शिरस्ता आपल्या कुटुंबांत प्रेमापोटीच पडला आहे, आणि त्या प्रेमाचा अनादर करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु ज्यास आपल्या मुदतीची कल्पना दिली नाही, त्यास शेताची वाटणी करता येत नाही, धाकट्या मुलीचे लग्न आखाजीनंतर उरकावे की आधी हे ठरविता येत नाही, कोणाची क्षमा मागता येत नाही. जितके तो विचारील तितके सांगावे, आणि विचारण्यास त्याला वाव द्यावा.

खर्चाचा भाग तसाच गंभीर आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत, जी २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झाली आणि २०१७ साली आजच्या नावाने ओळखली जाऊ लागली, किरणोपचारांचा अंतर्भाव आहे. रेल्वेची आणि एस.टी.ची भाडेसवलतही आहे. दाखले, शिधापत्रिका आणि अर्ज यांची फेरिस्त परिशिष्टात दिली आहे. मुंबईत दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांनी परगावच्या रुग्णांस वर्षानुवर्षे जो आसरा दिला आहे, त्याची नोंद कृतज्ञतेने केली पाहिजे. डोक्यावर छप्पर आणि वेळेवर गरम जेवण यांनी किरण सोसण्याचे बळ वाढते, हे त्या ओट्यांवर दिवस काढलेली माणसे सांगू शकतील.

अखेरीस वेदनाशमनाचा विषय. टाटा रुग्णालयातील शल्यविशारद डॉ. लुइस डिसूझा यांनी १९८६ साली वांद्रे येथे शांति आवेदना सदन उभारून, बरा न होणारा रुग्ण हाही पूर्ण रुग्णच असतो, हे तत्त्व या देशात प्रत्यक्षात आणले. मॉर्फीनच्या वाटेतील परवान्यांचे जंजाळ २०१४ च्या कायदेदुरुस्तीने पुष्कळ सैल झाले. तरीही सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावर रात्री दोन वाजता ठणका उठला, तर त्या घरास काय करता येते, हा प्रश्न कायद्याने सुटत नाही. तो तालुक्याने सोडवावयाचा आहे. उपजिल्हा रुग्णालयात वेदनाशमनाची औषधे बाराही महिने असावीत, पोटातील पाणी काढण्याची सोय आठवड्यातील ठरलेल्या दिवशी चोपड्यातच व्हावी, घरोघर जाणारी एक परिचारिका त्यासाठी नेमली जावी, आणि किरणोपचार घेऊन आलेल्या प्रत्येक रुग्णाची एक नोंदवही ठेवून तीत गाठीच्या मापाशेजारी झोप, भूक, चाल आणि वेदना यांचे चार रकाने असावेत, अशी तजवीज करण्यास फार मोठा पैसा लागत नाही.

हे पुस्तक डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेण्यासाठी लिहिलेले नाही. तो सल्ला घरापर्यंत शाबूत पोहोचावा यासाठी लिहिलेले आहे. ज्या रुग्णांनी आणि त्यांच्या बायकामुलांनी आपल्या कठीण दिवसांची हकीकत आम्हांस मोकळेपणाने सांगितली, त्यांचे नाव येथे देणे उचित नाही. पण प्रत्येक प्रकरणातील उपयोगाचा भाग त्यांच्याकडूनच आला आहे. वाचकाने एवढे करावे: घरात, गल्लीत, पाड्यावर असा कोणी परतून आला असेल, तर त्याच्याजवळ बसून, इतर कोणास उत्तर देऊ न देता, गेला आठवडा कसा गेला हे त्यालाच विचारावे, त्याने सांगितलेले चोपड्याच्या नोंदवहीत जाईल असे पाहावे, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जाऊन विचारावे.

चोपडा, जिल्हा जळगाव